ॲल्युमिनियमची बोट दरवर्षी पुन्हा गळते, रंग पुन्हा सुटतो: दोष नेमका कुठे शोधायचा

तक्रार ठरलेली असते. दिवाळीनंतर बोट नीट केली, गळत्या जागी एम-सील दाबलं, वरून निळा ऑइलपेंट मारला. जूनमध्ये पाण्यात सोडली तेव्हा चकाचक होती. श्रावण संपेपर्यंत तळात पुन्हा बोटभर खोल पाणी, रंगाला फोड आणि फोड खरवडला की आत पांढरी भुकटी. पुढच्या वर्षी तीच जागा, तेच एम-सील. मग “नदीचं पाणीच बाद झालंय आता” असं म्हणून माणूस मोकळा होतो.

आपल्याकडे सांगली-साताऱ्यात फायबरच्या होड्या जास्त. ॲल्युमिनियमच्या मोजक्याच, त्याही बहुतेक सेकंडहँड घेतलेल्या. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट आहे, यावरून पूर किती मोठा होता ते कळेल. ब्रह्मनाळ गावात बोट उलटली तीही त्याच पुरात. तेव्हापासून नदीकाठच्या गावांतून जुनी बोट दुरुस्त होईल का, असं विचारत वर्कशॉपला येणारे वाढले. म्हणून जे प्रत्येकाला वेगवेगळं सांगतो ते एकदाच लिहून ठेवतो.

गळणं, पांढरी भुकटी आणि रंग सुटणं या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. तिघींचं कारण वेगळं, इलाजही वेगळा. आपण एकाच डब्यातलं औषध तिन्हींवर फासतो, म्हणून एकही बरी होत नाही.

गळती: पाणी दिसतं तिथून ते आलेलं नसतं

रिव्हेटच्या बोटीत, म्हणजे जिचे पत्रे ठेचलेल्या धातूच्या खिळ्यांनी जोडलेले असतात तिच्यात, पाणी शिरतं पुढच्या एखाद्या ढिल्या रिव्हेटमधून. तिथून ते फासळीच्या कडेने तळातून मागे येतं आणि मागच्या फळीपाशी साठतं. आपण साठलेलं पाणी बघतो आणि मागचाच सांधा भरत बसतो. पुढचा दोषी रिव्हेट सुखरूप राहतो.

बोट पाण्याबाहेर काढून उलटी तपासणी करायची. म्हणजे पाणी आत भरायचं आणि बाहेरून कुठे येतं ते बघायचं. बोट घोड्यांवर, म्हणजे आधाराच्या स्टँडवर ठेवा, पण टोकाला दोनच घोड्या देऊन चालणार नाही. मधे कण्याखाली लाकडी ठोकळे हवेतच. चार मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद तळात नुसतं १० सेंटिमीटर पाणी भरलं तरी ते ५०० लिटर होतं, म्हणजे अर्धा टन. आधार कमी पडला तर तपासणीतच तळाला पोक येईल. बाहेरची बाजू फडक्याने कोरडी करून तिच्यावर खडूची पूड चोळा. ओल आली की पुडीवर काळपट ठिपका उमटतो आणि मार्करने गोल करून ठेवता येतो. चुना मात्र वापरू नका, त्याचं कारण पुढे येईलच.

घाई करू नये. काही रिव्हेट लगेच ठिबकतात, काहींना पाझर फुटायला तास-दोन तास लागतात. आधी पुढचं टोक थोडं उचलून बघा, मग खाली करून. पाणी काढून टाकल्यावर आणखी एक खूण शोधायची. रिव्हेटच्या डोक्याभोवती काळसर ओघळ दिसला, तर तो रिव्हेट भोकात हलतोय आणि घासून काळी पूड बाहेर येतेय असं समजा. तो आज गळत नसला तरी पुढच्या हंगामात गळेल. रिव्हेटच्या डोक्यावर हाताचं बोट टेकवून दुसऱ्याला आतून हलकं ठोकायला सांगा. हालचाल बोटाला कळते.

बारीक चिरेचा संशय असेल तर कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्यांकडे डीपी टेस्टचे तीन कॅन असतात: क्लीनर, लाल पेनेट्रंट आणि पांढरा डेव्हलपर. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की चीर पक्की. टाक्या बनवणारे जुने मिस्त्री रॉकेल आणि खडूवर हेच काम काढतात. तेही चालतं, पण रॉकेल सांध्यात शिरलं की नंतर ना सीलंट धरत ना रंग, आणि ते धुऊन काढणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

रिव्हेट आवळायचा की बदलायचा

ढिला भरीव रिव्हेट आधी आवळून बघायचा. हे दोन माणसांचं काम. एकाने बाहेरच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा, दुसऱ्याने आतून शेपटीवर हातोडीचे हलके, पुष्कळ घाव घालायचे. एक जोराचा दणका दिला तर रिव्हेट वाकतो आणि भोक लांबट होतं. भोक लांबट झालं की आवळण्यात अर्थ उरत नाही. डोकं ड्रिलने उडवून जुना काढायचा आणि एक माप मोठा नवा घालायचा.

नव्या रिव्हेटची लांबी अंदाजाने घेऊ नका. पत्र्यांची एकूण जाडी आणि रिव्हेटच्या जाडीची दीडपट, एवढी मिळून लांबी. १.६ मिमीचे दोन पत्रे आणि ४.८ मिमीचा रिव्हेट असेल तर ३.२ अधिक ७.२, म्हणजे साधारण साडेदहा मिमी. ठेचून झाल्यावर आतलं डोकं रिव्हेटच्या दीडपट रुंद आणि अर्ध्याएवढं उंच दिसलं पाहिजे. रिव्हेट घालण्याआधी भोकात पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा, म्हणजे ठेचताना ते पत्र्यांच्या मधे दाबलं जातं. सीलंटची खरी जागा तीच. वरून फासलेलं सीलंट फार तर हंगाम काढून देतं. सांगलीत बोटीचं खास सीलंट मिळालं नाही तर गाडीची काच बसवणाऱ्यांकडे जे काळं पीयू असतं ते घ्या. त्याला लवचीकपणा असतो, आणि बोटीचा पत्रा लाटेवर सतत लवतोच. एम-सील वाळल्यावर दगडासारखं होतं. ते पाइपला ठीक आहे, इथे मात्र काठावर तडकतं आणि त्याच फटीत पाणी कोंडून राहतं.

जिथे आतून हातच पोहोचत नाही तिथे पॉप रिव्हेट लावावा लागतो. दुकानात सहज मिळणारा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो आणि त्यात लोखंडी खिळ्याचा तुकडा राहतो. तो स्वतःच गळतो, शिवाय आतला खिळा गंजतो. बंद टोकाचा पॉप रिव्हेट मागा, सगळा ॲल्युमिनियमचा. महाग पडतो आणि मागवावा लागतो, तरी तोच घ्यायचा.

सिलिकॉनबद्दल एवढंच सांगतो: ज्या ट्यूबला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ती बोटीजवळ आणू नका. त्यातलं ॲसिड पत्रा खातं. शिवाय एकदा सिलिकॉन लागलेल्या जागेवर रंग नीट बसत नाही, त्याला डोळे म्हणजे गोल खळगे पडतात.

“अर्गन मारून टाका की”

अर्गन वेल्डिंगने सांधा बंद करा, हा सल्ला पहिला येतो आणि रिव्हेटच्या बोटीत बहुतेक वेळा चुकीचा असतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांच्याही वर. म्हणून एसी मोड असलेलं मशीन लागतं, आणि पत्रा वेल्डिंगच्या तोंडावर घासून साफ केलेला असावा लागतो. रिव्हेटच्या सांध्यात जुनं सीलंट, गाळ, तेल असं सगळं बसलेलं असतं. उष्णता लागली की ते जळून वायू सुटतो आणि वेल्ड जाळीदार होतो. त्याच उष्णतेने शेजारचे चांगले रिव्हेट ढिले होतात. एक गळती बंद करायला गेलात तर चार उघडतात आणि बोट पुन्हा वर्कशॉपला येते.

बोट मुळातच वेल्ड केलेली असेल तर गोष्ट वेगळी. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडायचं म्हणजे चीर पुढे पळत नाही, मग वेल्ड करायचा. बोटीचा पत्रा बहुधा मॅग्नेशियमच्या जातीचा असतो, ५०५२ किंवा ५०८३. त्याला ५३५६ ची फिलर रॉड लागते. वेल्डरकडे हाताशी ४०४३ असते, कारण इंजिनच्या कास्टिंगला तीच वापरतात. ५०८३ वर ती लावली तर सांधा ठिसूळ होतो. रॉडचं पाकीट मागून नंबर बघा, यात मिस्त्रीने राग मानायचं कारण नाही. ठिगळाचा पत्राही त्याच जातीचा हवा. भांड्यांचा मऊ पत्रा तळाला लावू नका.

वेल्डिंगआधी बाकांखालचा, बोट तरंगावी म्हणून भरलेला फोम काढायचाच. पीयू फोम पेटला तर त्याचा धूर विषारी असतो.

पांढरी भुकटी: इथे नदीची बाजू घ्यावी लागते

ॲल्युमिनियमचं संरक्षण त्याचं तेच करतं. उघड्या पत्र्यावर काही क्षणांत ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि तोच आतल्या धातूला झाकतो. साधारण ४ ते ८.५ पीएचच्या पाण्यात हा थर टिकतो, आणि कृष्णा-कोयनेचं गोडं पाणी एरवी या पट्ट्यात बसतं. बोट पावसाळ्यात चार महिने नदीवर असते आणि आठ महिने शेडमध्ये. माझ्या बघण्यातल्या बहुतेक बोटी शेडमध्ये खराब झाल्यात.

कारण काय, तर आपल्या भागातली शेड म्हणजे द्राक्षबागेची शेड. पाणी ओसरलं की बोट बाहेर निघते आणि त्याच सुमारास तासगाव-मिरज पट्ट्यात ऑक्टोबर छाटणी होते. मग डाऊनी या बुरशीरोगाची भीती, मग बोर्डोच्या फवारण्या. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. ॲल्युमिनियमला मारायचं ठरवून कुणी मिश्रण केलं असतं तरी याहून वेगळं केलं नसतं. मोरचुदात तांबं असतं. त्याचं पाणी पत्र्यावर उडालं की तांब्याचे बारीक कण पत्र्यावर बसतात, आणि ओल मिळाली की प्रत्येक कण एक छोटी बॅटरी बनून आजूबाजूचं ॲल्युमिनियम खात राहतो. चुना दुसऱ्या बाजूने काम करतो. त्याच्या अल्कलीत ऑक्साइडचा थरच विरघळतो. मोरचूद लोखंडी पिंपात कालवायचं नाही, हे बागायतदाराला शिकवावं लागत नाही. पण त्याच पिंपाशेजारी बोट पालथी पडलेली असते, रिकामे डबे तिच्यावर वाळत घातलेले असतात.

एक बागायतदार अण्णा बोट घेऊन आले होते. तळाला टाचणीएवढे खड्डे, आणि खड्ड्यांच्या तोंडाशी तांबूस छटा.
“अण्णा, बोट कुठं ठेवता?”
“शेडमधीच की. ऊन न्हाई, पाऊस न्हाई.”
“आणि औषधं?”
“तीबी तिथंच. दुसरीकडं कुठं ठिवणार?”
उत्तर त्यातच होतं.

दुसरा गुन्हेगार पोटॅश. पैलतीरावरच्या शेताला खताची पोती बोटीतून नेतात. लाल पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. क्लोराइड हे ऑक्साइडच्या थराला भोक पाडण्यात पटाईत, समुद्राच्या पाण्यात ॲल्युमिनियमला त्रास होतो तो याच क्लोराइडमुळे. फुटक्या पोत्यातलं मूठभर खत फळीखाली गेलं आणि तिथे ओल राहिली, की गोड्या नदीतल्या बोटीला समुद्राचा रोग लागतो. खत नेलंत तर त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुवा, आणि ड्रेन प्लग काढून पाणी निथळू द्या.

फळीखालचा गाळही तसाच. ओला गाळ, भिजकं पोतं, कुजलेलं प्लायवुड पत्र्याला चिकटून राहिलं की खाली हवा पोहोचत नाही, थर भरून येत नाही आणि पत्रा खचत जातो. बामणोली-तापोळ्याकडे कोयनेच्या शिवसागर जलाशयातल्या बोटी बघितल्या तर मोरचुदाचा प्रश्न नाही, तिथे लाल मातीचा चिखलच हे काम करतो. फळ्या दरवर्षी उचलून खाली बघितलंच पाहिजे.

फळीखाली नाणीही सापडतात. औदुंबर-नरसोबाच्या वाडीच्या बाजूला नदीत टाकायला काढलेलं नाणं हातातून निसटून बोटीतच पडतं. पितळी पाच रुपयांचं नाणं ओल्या गाळात पत्र्याला टेकून राहिलं तर त्याच्याखाली खड्डा पडतो. दान नदीलाच पोचलेलं बरं.

परक्या धातूंचा नियम सगळीकडे हाच. मागच्या फळीला लावलेली लोखंडी पट्टी, पितळी ड्रेन बुश, तांब्याची उघडी अर्थिंग वायर, या सगळ्यांच्या शेजारी आधी ॲल्युमिनियम जातं. मधे रबर किंवा नायलॉनचा वॉशर द्या. छोटे स्टेनलेस स्क्रू गोड्या पाण्यात चालतात, कारण स्क्रू लहान आणि पत्रा मोठा. फक्त त्यांना सीलंट लावून बसवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर बोटीच्या अंगाला जोडू नका. ट्रॅक्टरची सवय असते, पण इथे दोन्ही वायरी वेगळ्या ओढायच्या. नाहीतर ओल्या तळातून करंट फिरतो आणि पत्रा फार लवकर जातो.

खड्डे साफ करताना भुकटी पूर्ण निघून चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचं. तांबूस ठिपका राहिला तर काम झालेलं नाही. साधा लोखंडी वायर ब्रश वापरायचा नाही, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तेच पुढे गंजतात. नवा स्टेनलेस ब्रश किंवा नायलॉनचा स्क्रब पॅड घ्या. खड्डा उथळ असेल, जाडीच्या पावभाग वगैरे, तर इपॉक्सीने भरून भागतं. खोल असेल तर ठिगळ. अंदाज येत नसेल तर एमआयडीसीत जाडी मोजायचं अल्ट्रासोनिक यंत्र असतं, त्याने मोजून घ्या.

रंग: आधी लावायचा का ते ठरवा

गोड्या पाण्यातल्या बोटीला रंग लागतोच असं नाही. आतून तर मी लावूच नका म्हणतो. आतला रंग खरचटतो, त्याखाली पाणी कोंडतं आणि भुकटी दिसत नाही. उघडा पत्रा करडा पडतो, तो करडेपणा म्हणजेच संरक्षण. बाहेरून मात्र बोट दुरून दिसावी म्हणून भगवा किंवा पिवळा रंग हवा असेल, आणि पुरातल्या कामाला तो हवाच, तर नीट लावा.

रंग सुटतो कारण तो धातूला धरलेलाच नसतो. खाली तेल, मेण आणि जुना ऑक्साइड असतो. क्रम असा: आधी थिनरने पुसून तेल काढायचं, मग ८० आणि १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, मग पुन्हा स्वच्छ फडक्याने पुसायचं. आधी घासलंत तर तेल आणखी आत जातं. नंतर पाणी ओतून बघा. पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ, थेंब थेंब होऊन तुटलं तर अजून तेल आहे. पत्रा सुकला की त्याच दिवशी प्रायमर लावायचा, रात्रभर ठेवायचा नाही.

जुना रंग काढायला पेंटर कॉस्टिक सोडा सुचवतात. लोखंडी गेटला चालतो. ॲल्युमिनियमला तो फेसाळत खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. पेंट रिमूव्हर घ्या किंवा पेपरने घासा. जुन्या थरात पिवळसर हिरवा प्रायमर दिसला तर तो झिंक क्रोमेट असण्याची शक्यता मोठी. तो कोरडा घासू नका, ओला घासा आणि मास्क लावा. क्रोमेटची धूळ कॅन्सरकारक आहे.

रेड ऑक्साइड लोखंडासाठी आहे. ॲल्युमिनियमवर तो पापुद्र्यासारखा निघतो. इथे दोन भागांचा वॉश प्रायमर लागतो, तोही अगदी पातळ, खालचा पत्रा अर्धवट दिसेल इतका. त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि वर गाडीचा टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा पीयू रंग. प्रायमर आणि इपॉक्सी एकाच कंपनीचे घ्या आणि दोन्ही एकमेकांवर चालतात का ते डब्यावर वाचा. गाडीवाली लांबी (पुट्टी) वॉश प्रायमरवर थेट लावायची नाही, त्यातल्या ॲसिडमुळे ती नीट सुकत नाही. पाण्याखालच्या भागात तर ती नकोच, पाणी पिते. तिथे इपॉक्सी फिलर. समुद्रावरच्या बोटींचा शेवाळरोधक रंग कुणी आणून दिला तर परत करा. त्यात बहुधा तांबंच असतं.

कामाची वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पण नदीकाठी थंडीत सकाळी दव पडतं. पत्रा दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा, किमान ३ अंश गरम असावा लागतो, म्हणून दहानंतर सुरू करा आणि चारपर्यंत आटोपा. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर मारलेला रंग वरून सुकतो आणि आतून फुगतो.

बाकांखालचा फोम आणि बोट सोडून देण्याची वेळ

बोट पूर्वीपेक्षा खोल बसते अशी तक्रार असेल तर भंगारवाल्याच्या काट्यावर वजन करा. कागदावरच्या वजनापेक्षा बरीच जड भरली तर फोमने पाणी प्यायलंय. ओला फोम वाळत नाही, तो बदलायचाच. त्याशिवाय तो पत्र्याला ओलं ठेवतो.

खड्डे एका पट्ट्यात असतील तर बोट वाचते. तळभर विखुरलेले असतील, कण्यापाशी चिरा असतील आणि मागच्या फळीतलं लाकूड कुजून इंजिनसकट हलत असेल, तर तिला पुराच्या कामाला लावू नका. शेततळ्यात खाद्य टाकायला वापरा, नाहीतर भंगारात द्या. ॲल्युमिनियमला भाव असतो.

ठेवताना पालथी ठेवा, कण्याखाली कोरडं लाकूड द्या. सिमेंटच्या ताज्या कोब्यावर किंवा नुकत्याच चुना लावलेल्या भिंतीला टेकवून नको. औषधांची खोली वेगळी करता येत नसेल तर बोट बाहेर झाडाखाली राहिली तरी चालेल. ताडपत्री घातलीत तर ती पत्र्याला चिकटणार नाही अशी, खालून वारा जाईल अशी बांधा. आणि मे संपायच्या आत एकदा पुन्हा आत पाणी भरून बघा, कारण जूनमध्ये रिव्हेट गळताना सापडला तर सीलंट वाळायला कोरडा दिवस मिळत नाही.